ललिता बाबर यांची क्रीडा कारकीर्द : महिला क्रीडा व्यवसायाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या स्थानिक इतिहासाचे लेखन बहुतांशी मंदिरे, शिलालेख, बारवा आणि मुक्तिसंग्राम या विषयांभोवती झालेले आहे. परभणी जिल्ह्यातील चारठाणा (ता. जिंतूर) हे गाव आपल्या प्राचीन मंदिरांमुळे अभ्यासकांना सुपरिचित आहे. तेथील दगडी स्तंभ कोणी उभारला आणि त्याचा खर्च कोणी केला, असे प्रश्न इतिहासाचा अभ्यासक सहज विचारतो. मात्र क्रीडाक्षेत्राकडे वळताच हे प्रश्न मागे पडतात आणि पदकांची यादी तेवढी उरते. खेळाडूची कारकीर्द हीदेखील कोणाच्या तरी आश्रयाने उभी राहते. विशेषतः ग्रामीण भागातील स्त्री जेव्हा खेळ हाच आपला व्यवसाय मानते, तेव्हा तिच्या उपजीविकेचा भार कोणी वाहिला, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत निबंधात सातारा जिल्ह्यातील धावपटू ललिता बाबर यांच्या कारकिर्दीचा या दृष्टीने विचार केला असून, तुलनेसाठी दक्षिण कोरियाच्या गोल्फपटू पाक से-री आणि परभणीच्या ज्योती गवते यांची उदाहरणे घेतली आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लांब पल्ल्याच्या धावण्यात स्त्रियांना प्रवेश फार उशिरा मिळाला. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाली. परंतु एवढे अंतर स्त्रीच्या शरीराला झेपणारे नाही, असा समज पुढे करून ती वगळण्यात आली. ती १९६० मध्ये पुन्हा सुरू झाली. स्त्रियांच्या मॅरेथॉनला ऑलिंपिकमध्ये १९८४ साली स्थान मिळाले, तर ३००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत २००८ साली समाविष्ट झाली. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरील उडी असते. म्हणजेच ज्या प्रकारात ललिता बाबर यांनी नाव मिळवले, तो प्रकार त्यांच्या शालेय वयात स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये अस्तित्वातच नव्हता.

भारतापुरते पाहता आणखी एक घटना निर्णायक ठरली. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. या स्पर्धेत भारतीय धावपटूंसाठी स्वतंत्र क्रमवारी आणि रोख बक्षिसे होती. त्यामुळे रस्त्यावरील धाव हे ग्रामीण धावपटूंना उत्पन्नाचे एक साधन म्हणून उपलब्ध झाले.

मोही ते मुंबई

ललिता बाबर यांचा जन्म २ जून १९८९ रोजी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातील मोही या गावी शेतकरी कुटुंबात झाला. माण हा पर्जन्यछायेतील दुष्काळी तालुका. शाळेत त्या खो-खो खेळत व तेथूनच धावण्याकडे वळल्या. पुढे त्यांना भारतीय रेल्वेत नोकरी मिळाली. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे त्यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिला गटाचे विजेतेपद मिळवले.

या टप्प्यावर त्यांची कारकीर्द स्थिर झाली होती. मॅरेथॉनमध्ये नाव होते, बक्षीस होते आणि नोकरीही होती. असे असताना २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी स्टीपलचेस या वेगळ्या प्रकारावर लक्ष केंद्रित केले. हा निर्णय केवळ क्रीडाकौशल्याच्या अंगाने समजून घेता येत नाही. मॅरेथॉनमध्ये देशात पैसा होता. पण आशियाई वा जागतिक पातळीवरील पदकाची शक्यता कमी होती. स्टीपलचेसमध्ये स्थिती नेमकी उलटी होती. या शर्यतीला रस्त्यावरील दौडीसारखा बक्षिसांचा आधार नव्हता. मात्र सुधा सिंग यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून भारतीय स्त्रियांसाठी तो मार्ग खुला असल्याचे दाखवून दिले होते.

स्टीपलचेसमधील उत्कर्ष

२०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ललिता बाबर यांनी ९ मिनिटे ३५.३७ सेकंद अशी राष्ट्रीय विक्रमी वेळ देत कांस्यपदक मिळवले. जानेवारी २०१५ मध्ये त्या पुन्हा मुंबई मॅरेथॉनमध्ये उतरल्या आणि २ तास ३८ मिनिटे २१ सेकंद या वेळेसह ओ. पी. जैशा यांच्यामागे दुसऱ्या आल्या. त्याच वर्षी वुहान येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ९ मिनिटे ३४.१३ सेकंद वेळेसह त्यांनी सुवर्णपदक पटकावले. ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ९ मिनिटे २७.८६ सेकंद वेळ नोंदवून त्या अंतिम फेरीत पोहोचल्या व आठव्या आल्या. एकाच वर्षात ४२.१९५ किलोमीटर आणि ३ किलोमीटर अशा दोन टोकांच्या शर्यतींत अग्रभागी राहणे ही असाधारण बाब होय.

रिओ ऑलिंपिकमध्ये १३ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांनी प्राथमिक फेरी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत पूर्ण केली आणि वेळेच्या निकषावर अंतिम फेरीत प्रवेश मिळवला. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा ४०० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या होत्या. त्यानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय स्त्री ऑलिंपिकमधील धावण्याच्या अंतिम फेरीत उभी राहिली. १५ ऑगस्ट रोजी झालेल्या या फेरीत ललिता बाबर दहाव्या आल्या. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचा राष्ट्रीय विक्रम ऑगस्ट २०२३ पर्यंत अबाधित राहिला. बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पारुल चौधरी यांनी तो मोडला. पुढे ललिता बाबर महाराष्ट्र शासनाच्या महसूल सेवेत दाखल झाल्या.

कोरियन उदाहरणाशी तुलना

याच रिओ स्पर्धेत स्त्रियांच्या गोल्फमध्ये कोरियाच्या पार्क इन-बी यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यांच्या संघाच्या मार्गदर्शक पाक से-री होत्या. १९९७ च्या आर्थिक संकटात कोरियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे साहाय्य घ्यावे लागले. त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे १९९८ मध्ये, अवघ्या विशीतील पाक से-री यांनी अमेरिकेच्या एलपीजीए मालिकेतील पहिल्याच हंगामात दोन प्रमुख स्पर्धा जिंकल्या. त्यांपैकी यू.एस. विमेन्स ओपनमध्ये, पाण्याच्या काठाशी अडकलेला चेंडू त्यांनी बूट-मोजे काढून, पाण्यात उभे राहून बाहेर काढला. ते दृश्य खचलेल्या कोरियन समाजाला धीर देणारे प्रतीक ठरले. २०१६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांच्या नावावर एलपीजीएची २५ विजेतेपदे होती व त्यांत ५ प्रमुख स्पर्धांचा समावेश होता.

या दोन कारकिर्दींतील भेद गुणवत्तेपेक्षा व्यवस्थेचा अधिक आहे. पाक से-री यांच्यामागे सॅमसंगसारखा उद्योगसमूह होता आणि हंगामभर चालणारी, प्रत्येक आठवड्याला बक्षीस देणारी मालिका होती. ललिता बाबर यांना नोकरी रेल्वेने दिली, बक्षीस मॅरेथॉनने दिले आणि निवृत्तीनंतरचे स्थैर्य राज्य शासनाने दिले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा येथील कविता राऊत यांचेही उदाहरण असेच आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या या आदिवासी धावपटूला ओएनजीसी या सार्वजनिक उपक्रमात नोकरी मिळाली. महाराष्ट्रातील ग्रामीण महिला धावपटूचा व्यवसाय हा असा प्रामुख्याने सार्वजनिक नोकरीच्या आधारावर उभा राहिलेला दिसतो.

मराठवाड्याचा संदर्भ

मराठवाड्यातील मुलांसाठी सैन्यदल हा क्रीडा कारकिर्दीचा एक मार्ग राहिला आहे. बीड जिल्ह्यातील मांडवा (ता. आष्टी) येथील अविनाश साबळे सैन्यात दाखल झाल्यावर स्टीपलचेसकडे वळले आणि २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक विजेते झाले. शिपाई म्हणून भरती होण्याचा हा मार्ग मुलींना मात्र २०१९ पर्यंत बंद होता.

या पार्श्वभूमीवर परभणीच्या ज्योती गवते यांची वाटचाल लक्षणीय आहे. २०१७ मध्ये त्यांनी २ तास ५० मिनिटे ५३ सेकंद वेळेसह मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिला गटात पहिला क्रमांक मिळवला. २०१८, २०१९ आणि २०२० या तिन्ही वर्षी त्या दुसऱ्या आल्या आणि तिन्ही वेळा पहिल्या क्रमांकावर आशियाई पदकविजेत्या सुधा सिंग होत्या. २०१९ मध्ये त्यांची वेळ २ तास ४५ मिनिटे ४८ सेकंद होती. स्वतःच्या विजयाच्या वेळेपेक्षा पाच मिनिटांहून अधिक वेगाने धावूनही त्यांना दुसरे स्थान मिळाले. केवळ विजेत्यांची यादी पाहणाऱ्याला येथे यश ओसरल्याचे वाटेल. वेळेची नोंद पाहणाऱ्याला प्रगती दिसेल. साधनांची निवड बदलली की इतिहासाचा निष्कर्ष कसा बदलतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

निष्कर्ष

ललिता बाबर यांच्या कारकिर्दीवरून असे दिसते की, त्यांच्या यशात व्यक्तिगत जिद्दीइतकाच दोन व्यवस्थांचा वाटा होता : २००४ नंतर वाढलेली रस्त्यावरील शर्यत आणि सार्वजनिक क्षेत्रातील नोकरी. पहिलीने त्यांना उत्पन्न दिले, दुसरीने अनिश्चित प्रकार निवडण्याचे स्वातंत्र्य दिले. पोटापाण्याची चिंता मिटल्याशिवाय वयाच्या पंचविसाव्या वर्षी हमखास यशाची वाट सोडणे दुष्काळी भागातील मुलीला सहज शक्य झाले नसते. सार्वजनिक नोकऱ्यांतील खेळाडूंच्या जागा घटल्या, तर त्याचा परिणाम सर्वप्रथम अशाच मुलींवर होईल.

दुसरा निष्कर्ष इतिहासलेखनाविषयीचा आहे. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचणाऱ्या खेळाडूची नोंद जगभर होते. परंतु तिच्यासोबत धावलेल्या, तिसऱ्या-चौथ्या आलेल्या आणि पुढे मैदान सोडलेल्या मुलींची नोंद महाविद्यालयाच्या क्रीडा विभागातील नोंदवहीतच असते. कोण धावले, किती वेळात धावले, प्रवासखर्च कोणी दिला आणि कोणत्या वर्षानंतर ते नाव दिसेनासे झाले, ही माहिती त्या वह्यांत सापडू शकते. वह्या जुन्या झाल्या म्हणून रद्दीत गेल्या, तर हा इतिहास कायमचा नष्ट होईल. चारठाण्याच्या दगडांनी शतके तग धरली. कागदाला तेवढे आयुष्य नसते. म्हणून ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास आणि शारीरिक शिक्षण या दोन विभागांनी एकत्र येऊन या नोंदी जतन करणे अगत्याचे आहे.