आर्थर राजाच्या घरचें वैर

इंग्लंडचा आर्थर राजा व त्याच्या वाटोळ्या मेजाभोंवतीं बसणारे सरदार ह्यांची कथा मीं वर्गांत कितीक वर्षें सांगितली. शेवटीं मी विचारीत असें, 'राज्य कोणामुळें बुडालें?' मुलें एका सुरांत म्हणत, 'मॉर्ड्रेडमुळें!' आणि मी पूर्ण गुण देई. सेवानिवृत्तीनंतर मॅलरीचा मूळ ग्रंथ सावकाश वाचला, तेव्हां ते गुण फार उदारपणें दिले असें वाटूं लागलें.

मॉर्ड्रेडचा सर्वांत जुना उल्लेख वेल्समधील एका बखरींत सांपडतो. इ. स. ५३७ च्या सुमारास कॅमलनच्या झगड्यांत आर्थर व मेद्रॉत पडले, एवढेंच ती सांगते. ते परस्परांचे वैरी होते कीं एकाच बाजूचे, ह्याविषयीं तेथें अवाक्षर नाहीं! सुमारें ११३६ सालीं मॉन्मथच्या जेफ्रीनें त्यास राजाचा द्रोही भाचा केलें. पुढें तेराव्या शतकांतील फ्रेंच कथांनीं राजाचाच अनौरस पुत्र ठरविलें. सर टॉमस मॅलरीनें ह्या कथा १४६९-७० मध्यें इंग्रजींत पुऱ्या केल्या, त्या तुरुंगांत असतां. बाहेर यॉर्क व लँकेस्टर ह्या भाऊबंद घराण्यांचें युद्ध चालूं होतें, हें ध्यानांत ठेवावें.

मॅलरीच्या कथेंत घर फुटतें तें गावेनच्या शोकानें. लॅन्सलॉट व राणी ह्यांचें प्रेम उघडकीस आणूं नका, असें गावेन आपल्या भावांना विनवीत होता. ॲग्रव्हेन व मॉर्ड्रेड ह्यांनीं ऐकलें नाहीं. राणीस जाळण्याची शिक्षा झाली. गॅरेथ व गॅहेरिस हे धाकटे भाऊ राजाज्ञा म्हणून तेथें उभे राहिले, पण मनाविरुद्ध, निःशस्त्र. राणीस सोडविण्याच्या गर्दींत लॅन्सलॉटच्या हातून दोघेहि मेले. त्यानें त्यांना ओळखलेंहि नव्हतें. गॅरेथला सरदारकीची दीक्षा देणारा हाच लॅन्सलॉट! त्या दिवसापासून गावेन सूडाला पेटला. पोपच्या आज्ञेनें राणी परत आली, तरी त्यानें तह होऊं दिला नाहीं. राजाला फ्रान्सपर्यंत ओढीत नेलें, आणि मागें राज्य राहिलें मॉर्ड्रेडच्या हातीं. त्यानें राजा मेल्याचीं खोटीं पत्रें दाखवून मुकुट घेतला. गावेनला चूक उमगली ती मरतांना. त्यानें त्याच लॅन्सलॉटला पत्र लिहून राजाच्या मदतीस बोलाविलें. तोंवर उशीर झाला होता.

सॉल्सबरीजवळ तह ठरत होता. झुडुपांतील साप एका सरदारास डसला, त्याला मारण्यास त्यानें तलवार उपसली, आणि तें पातें चमकतांच दोन्ही सैन्यें भिडलीं. कौरवपांडवांची कथा ऐकत वाढलेल्या आपणांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. संशय इतका दाटला म्हणजे साप निमित्तालाच लागतो.

ग्रंथाच्या आरंभीं एक प्रसंग आहे. मे महिन्याच्या पहिल्या दिवशीं जन्मलेला मुलगा तुझा नाश करील, असें मर्लिननें सांगितल्यावरून आर्थरनें त्या दिवशींचीं बालकें जहाजांत घालून समुद्रांत सोडलीं. जहाज फुटलें, बहुतेक बुडालीं, मॉर्ड्रेड वांचला.

शेवटच्या संध्याकाळीं ल्यूकन सरदार राजाला विनवितो, आतां त्या एकट्याला सोडा. राजा ऐकत नाहीं. भाला घेऊन धांवतो. भाला अंगांत शिरला असतांहि मुलगा पुढें रेटत येतो आणि बापाच्या मस्तकावर तलवार घालतो. हा प्रसंग मी वर्गांत मोठ्या रंगानें सांगत असें. जहाजाचा मात्र कधीं सांगितला नाहीं.