वर्गणीची वही : सातारा-सांगलीकडील परगावकर मंडळांची हकीकत

मंदिराचा जीर्णोद्धार पुरा झाला की सर्वांची दृष्टी कळसाकडे जाते. कळस कोणी दिला, घंटा कोणी दिली, सभामंडपाची फरशी कोणाच्या स्मरणार्थ बसली, हे संगमरवरी पाटीवर कोरले जाते व ते योग्यच आहे. परंतु सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील अनेक ग्रामदैवतांच्या मंदिरांना आणखी एक पाया आहे आणि तो पाटीवर मावत नाही. पोटासाठी परगावी गेलेल्या गावकऱ्यांची मंडळे, त्यांच्या मासिक सभा व त्यांच्या वर्गणीच्या वह्या, हा तो पाया होय. जीर्णोद्धाराच्या या शुभप्रसंगी त्याची हकीकत नव्या पिढीपुढे ठेवणे उचित ठरेल.

हे दोन जिल्हे मुळात एकच. संस्थाने विलीन झाल्यावर 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठचा मधला पट्टा काळ्या कसदार जमिनीचा. पण त्याच्या दोन्ही अंगांना निसर्ग कृपण आहे. पश्चिमेस पाटण-जावळीच्या खोऱ्यांत पाऊस धो धो, मात्र शेत म्हणावे तर डोंगरउतारावरचा तुकडा. पूर्वेस माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हा पर्जन्यछायेचा मुलूख. तेथे शेत आहे तर पाऊस नाही. दोहींकडील तरुणांना एकच वाट उरली, ती म्हणजे घाट उतरण्याची.

1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली व दोन वर्षांनी ती चालू झाली. 1863 साली बोरघाटातून आगगाडी गेली. 1880 नंतरच्या दशकात दक्षिण मराठा रेल्वेचा पुणे-मिरज मार्ग झाला आणि कोरेगाव, मसूर, शेणोली, ताकारी या स्टेशनांवर गाठोडे घेतलेली माणसे दिसू लागली. लालबाग, परळ, चिंचपोकळी, डिलाईल रोड या भागांत गिरण्यांच्या भोंग्याभोवती घाटावरची वस्ती उभी राहिली. कोणी गोदीत लागला, कोणी मशीद बंदरच्या बाजारात पाठीवर पोती वाहू लागला.

एका गावचे लोक शक्यतो एका खोलीत राहत. पाळीप्रमाणे कोणी कामावर जाई, कोणी येऊन त्याच जागी अंग टाकी. भिंतीवर खुंट्या, खुंट्यांखाली ट्रंका, कोपऱ्यात ग्रामदैवताची तसबीर. या खोलीतच मंडळाचा जन्म झाला. एखाद्याचे अकस्मात निधन झाले तर क्रियाकर्माचा खर्च कोणी करावयाचा, त्याच्या घरी खबर कशी पोहोचवावयाची, नवा आलेला मुलगा नोकरी लागेपर्यंत कोणाच्या ताटात जेवणार, असे नित्याचे प्रश्न होते. एकट्याने ते सुटत नव्हते. गाव करी ते राव न करी, ही म्हण मुंबईच्या खोलीत खरी झाली.

मंडळांचे कामकाज साधे परंतु नियमबद्ध असे. पगार झाल्यानंतरच्या रविवारी सभा. सभेची सूचना एका वहीत लिहून ती खोलीखोलीतून फिरवावयाची. ज्याने वाचली त्याने सही करावयाची, सही येत नसेल त्याने अंगठा उठवावयाचा. सभेत प्रथम मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाई, मग खजिनदार जमाखर्च सांगे, मग नवे विषय. मासिक वर्गणी किती, तर आधी आणे, पुढे रुपया, पुढे दोन रुपये. ती थकली तर नाव वाचून दाखवीत आणि सर्वांच्या देखत नाव वाचले जाणे ही शिक्षा पुरेशी होती. मंडळाची मोठी भांडी, सतरंज्या, भजनाचे टाळ-पखवाज असत. लग्नकार्यास भांडी द्यावयाची, ती मोजून परत घ्यावयाची, एखादी वाटी कमी भरली तर भरपाई करून घ्यावयाची. शनिवारी रात्री भजन व सणाच्या दिवशी पूजा ठरलेली.

गावाशी दळणवळण ठेवणे हे मंडळाचे दुसरे मोठे काम. टपालाचे कार्ड आपल्याकडे 1879 साली व मनीऑर्डर 1880 साली सुरू झाली. या दोन सोयींनी मुंबईची खोली व गावची ओसरी जोडली. मनीऑर्डरच्या फॉर्मखाली मजकुरासाठी थोडी जागा असे. तेवढ्या जागेत बैलाची विचारपूस, आईची तब्येत व यात्रेस कधी येणार, हे सर्व बसवावयाचे. ज्याला लिहिता येई तो खोलीचा लेखनिक, आणि गावाकडे पोस्टमन किंवा शाळामास्तर वाचक. जे पत्रात लिहिण्यासारखे नसे ते रजेवर जाणाऱ्याजवळ सांगावा म्हणून जाई. तार मात्र आली की न वाचताच घरात रडारड सुरू होई, कारण ती बहुधा एकाच कारणासाठी येत असे.

यात्रा जवळ आली की मुंबईहून पत्र येई : मैदानास इनाम किती ठेवावे, छबिन्याचा खर्च कोणाकडे, पटाच्या कुस्तीस कोण. गावकऱ्यांचे उत्तर जाई आणि कधी कधी त्यात राग असे. पैसा आम्ही पाठवतो म्हणून निर्णय आमचा, असे परगावकर म्हणत; देवाचा दिवा आम्ही लावतो, पावसात गळके छप्पर आम्ही शाकारतो, असे गावकरी म्हणत. दोघांचेही म्हणणे खरे होते. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी ही कुरबुर वर्षानुवर्षे चालली, आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळात बसून हिशेब वाचल्यावरच मिटत असे.

शाळेची खोली, तालमीची कौले, विहिरीचा कठडा, धर्मशाळेचा ओटा, अशी कितीतरी कामे या वर्गणीतून झाली. या भागास सार्वजनिक कामाचे वळण पूर्वीपासूनच होते. ज्यांचे घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला व त्याचे जलसे पुढे या गावांतून फिरले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहातील मुलांना जेवू घातले. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने गावोगाव समित्या नेमून तंटे गावातच सोडविले. मूठभर धान्य, पंचांची बैठक, उघडा हिशेब हे सारे मुंबईला जाताना लोकांच्या गाठोड्यातून गेले व मंडळांच्या रूपाने परत आले.

तथापि इतिहास सांगताना उणे झाकून ठेवणे बरे नव्हे. या वह्यांत स्त्रियांची नावे क्वचितच आढळतात. वस्तुतः गिरणगावात खानावळ चालवून पंधरा-वीस जणांची दोन वेळची भाकरी थापणाऱ्या स्त्रियाच होत्या, आणि गावाकडे नवऱ्याच्या माघारी शेत, जनावरे, म्हातारी माणसे व देवाचा नैवेद्य सांभाळणाऱ्याही स्त्रियाच होत्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा खानावळवाल्या भगिनींना स्वतःची संघटना लाभली. गावच्या मंडळांना मात्र ही जाण यावयास फार उशीर लागला.

दुसरे उणे जातीचे. गिरणीच्या विणकाम खात्यात धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. 1920 नंतरच्या दशकाच्या अखेरीस झालेल्या संपांच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. गावात वस्ती वेगळी, तशी मुंबईत चाळ वेगळी व मंडळही वेगळे. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईस गेले व गिरणीत राबले; पुढे त्यांनी या मातीचे नाव देशोदेशी नेले. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा 1947 साली झाला. ज्यांना त्यापूर्वी पायरीशी उभे राहावे लागे त्यांच्याही घामाचा पैसा गावाच्या कामास लागला आहे. जीर्णोद्धार झालेल्या मंदिरात हे स्मरण राहिले पाहिजे.

सर्वच लोक गिरणीत गेले असे नव्हे. खानापूर, आटपाडी व त्यांच्या शेजारच्या दुष्काळी तालुक्यांतील तरुण सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरले. जुने दागिने व सराफकट्ट्यावरील सोन्याची माती गाळून तेजाब व अग्नीच्या साहाय्याने शुद्ध धातू वेगळा करणे, हे ते काम. आधी एक गेला, त्याने भाच्याला नेले, भाच्याने मेहुण्याला. असे करता करता हे गलाई बांधव केरळपासून पंजाबपर्यंत आणि बंगालपर्यंत पसरले. परभाषेच्या मुलखात राहूनही यात्रेला गावी येणे व मंदिराच्या कामास हात सैल सोडणे त्यांनी चुकविले नाही.

पाठीवर पोते वाहणाऱ्या माथाडींची गोष्टही अशीच अभिमानाची. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे येथे 1933 साली जन्मलेले अण्णासाहेब पाटील मुंबईस जाऊन माथाडी झाले व त्यांनी या असंघटित लोकांना एकत्र आणले. त्याचे फळ म्हणून 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. रोजगाराची नोंद, पगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी हमालाच्या वाट्यास आल्या. 23 मार्च 1982 रोजी अण्णासाहेबांचा दुर्दैवी अंत झाला.

त्याच वर्षी दुसरा घाव बसला. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. महिने लोटले, भोंगे मुकेच राहिले. ज्या गावांना मुंबईहून मनीऑर्डर येत होती त्याच गावांतून आता ज्वारी-बाजरीची पोती मुंबईस जाऊ लागली. पुष्कळांनी खोली सोडली व ट्रंक उचलून गाव गाठले. त्या सुमाराच्या वह्यांत वर्गणीच्या रकान्यापुढे रिकामी जागा दिसते. ती रिकामी जागा हाच त्या वर्षाचा इतिहास आहे.

परंतु माणसे परत आली ती रिकाम्या हाताने नव्हे. सभा घेण्याची, हिशेब विचारण्याची व एकजुटीने मागणी करण्याची सवय ती घेऊन आली. खानापूर तालुक्यात संपकरी कामगार गावी परतले तेव्हा दुष्काळ होता. त्यांच्यातूनच मुक्तिसंघर्ष चळवळ उभी राहिली व डॉ. भारत पाटणकर तिच्या अग्रभागी होते. येरळा नदीच्या पात्रातील वाळू ठेकेदारांनी उपसू नये, ती लोकांनीच विकून त्या पैशातून बंधारा बांधावा, असा विचार निघाला आणि बलवडी व तांदुळवाडी या गावांच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधून तो प्रत्यक्षात आणला. पाणी जमिनीच्या मालकीवर नव्हे तर माणसांवर वाटावे, भूमिहीनालाही त्याचा वाटा असावा, हे तत्त्व त्या कामात मांडले गेले. जुन्या मंडळांत जे राहून गेले होते ते येथे जमेस धरले गेले.

त्यानंतरच्या काळातही हे वळण टिकले आहे. 2000 साली तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले व गावांनी हातात झाडू घेतला. 2016 साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने श्रमदानाने प्रथम क्रमांक मिळविला. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा योजनांमुळे पूर्वेकडील काही शिवारांत कृष्णेचे पाणी पोहोचले. गिरण्यांच्या जागी आज उंच इमारती आहेत. तारेची सेवा 2013 साली बंद झाली; सभेची सूचना आता फोनवर क्षणात सर्वांना मिळते आणि वर्गणीही फोनवरूनच जमा होते.

सोय वाढली हे उत्तमच झाले. परंतु पूर्वी वही खोलीखोलीतून फिरे तेव्हा ती घेऊन येणारा माणूस दारात उभा राही, आजारी कोण, बेकार कोण हे त्यास दिसे. आज वर्गणी वेळेवर येते व माणसाची खबर मात्र राहून जाते. त्याचप्रमाणे देणगीची रक्कम मोठी झाली तशी वाचनाची रीत मागे पडू लागली. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे देवस्थानाने हिशेब ठेवावा, तपासून घ्यावा हे बंधनकारक आहे. पण कार्यालयात दाखल झालेला हिशेब निराळा आणि देवासमोर चार माणसांत वाचलेला हिशेब निराळा. पहिल्याने कायदा पुरा होतो, दुसऱ्याने संशय फिटतो.

म्हणून ज्या घरांतून मंडळांच्या जुन्या वह्या, पावतीपुस्तके, यात्रेची हस्तपत्रके अजून शिल्लक असतील त्यांनी ती रद्दीत न घालता देवस्थानाच्या कपाटात जमा करावीत. संगमरवरी पाटीवर लाखाची नावे राहोत. त्या वह्यांतून रुपया-दोन रुपयांची नावे राहतील आणि ज्यांची नावे वहीतही आली नाहीत त्यांच्याविषयी जाणती माणसे दोन शब्द लिहून ठेवू शकतील. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपात बसून, स्त्रीपुरुष व सर्व वस्त्यांच्या समक्ष, वर्षाचा जमाखर्च वाचण्याची रीत पुन्हा सुरू व्हावी. नव्या मंडपात जागा भरपूर आहे.

ग्रामदैवत सर्वांना तशी सद्बुद्धी देवो व परगावी असलेल्या लेकरांना सुखरूप ठेवो.