आकाशांतला चव्हाटा

आपल्या जुन्या गांवरचनेंत चावडी आणि चव्हाटा हीं दोन स्थळें वेगळीं असत. चावडीवर सरकारी हुकूम वाचून दाखवीत. तेथें लोकांचें काम ऐकून घेण्याचें. चव्हाट्यावर मात्र वाटसरू, गाडीवान, बाजारकरी असा कोणीही थांबे, पुढच्या वाटेची खबर विचारी आणि आपल्याजवळची सांगून चालूं लागे. नभोवाणीच्या शंभर वर्षांच्या इतिहासाकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, आपल्या देशांत आकाशामध्यें चावडी उभी राहिली व ती घरोघर पोंचली. चव्हाटा मात्र कधीं बसलाच नाहीं. ज्या देशांत तो बसला, तेथें तो आतां मोडकळीस आला आहे. त्याचें वैभव, त्याची उतरती कळा, आणि आपल्याकडे तो न बसण्याचीं कारणें, यांचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या चव्हाट्याचें इंग्रजी नांव ‘सिटिझन्स बँड’, म्हणजे नागरिकांसाठीं राखून ठेवलेला लहरींचा पट्टा. १९४५ सालीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें सामान्य नागरिकांस खासगी कामासाठीं बिनतारी यंत्र वापरूं देण्याचें ठरविलें. आरंभीं नेमून दिलेल्या लहरी फार आंखूड होत्या व त्यांचीं यंत्रें महाग पडत. म्हणून १९५८ सालीं २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा हौशी प्रयोगकर्त्यांकडून काढून घेऊन, त्याचे २३ मार्ग करून, लोकांस देण्यांत आला. या यंत्राची रीति साधी आहे. कळ दाबून बोलावयाचें, कळ सोडून ऐकावयाचें. एका मार्गावर एका वेळीं एकालाच बोलतां येतें, आणि तो जें बोलेल तें कांहीं मैलांच्या पल्ल्यांतील सर्वांस ऐकूं जातें. त्यामुळें बोलण्यापूर्वीं ऐकावें, दोघांच्या बोलण्यांत शिरावयाचें असल्यास अगोदर विचारावें, आणि आपलें बोलणें लवकर आवरावें, हे शिष्टाचार तेथें कायद्याच्या आधीं यंत्रानेंच शिकविले.

१९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं अमेरिकेस जाणारें तेल रोखलें. पेट्रोल दुर्मिळ झालें, आणि तें वांचविण्यासाठीं दुसऱ्याच वर्षीं साऱ्या हमरस्त्यांवर ताशीं ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली. दूरच्या मजला मारणाऱ्या मालमोटारींच्या चालकांस हें जाचक वाटलें. पेट्रोल कोणत्या पंपावर शिल्लक आहे, पोलीस कोठें दबा धरून आहेत, पुढें अपघात झाला आहे कीं काय, हें ते या यंत्रावरून एकमेकांस सांगूं लागले. त्यांची एक सांकेतिक बोली तयार झाली. प्रत्येकास खऱ्या नांवाऐवजीं टोपणनांव आलें. १९७६ च्या आरंभीं मालमोटारींच्या तांड्यावरचें ‘कॉन्व्हॉय’ हें गाणें अमेरिकेंत सर्वाधिक खपाचें झालें, आणि राष्ट्राध्यक्षांची पत्नी बेट्टी फोर्ड यांनींही या यंत्रावर स्वतःसाठीं एक टोपणनांव घेतलें. गर्दी इतकी वाढली कीं १९७७ सालीं मार्गांची संख्या ४० करावी लागली. नववा मार्ग संकटांतल्या हांकेसाठीं राखलेला होता, व एकोणिसावा हमरस्त्यावरच्या चालकांचा म्हणून रूढ झाला. पुढें परवाने देतां देतां आयोगच थकला, व १९८३ सालीं त्यानें परवान्याची अटच काढून टाकली.

या वैभवास उतार भ्रमणध्वनीमुळें लागला असें सामान्यतः सांगतात. तें अर्धेंच खरें आहे. भ्रमणध्वनि सामान्यांच्या हातीं येण्यापूर्वींच हा चव्हाटा ओसरूं लागला होता. नव्यानें आलेल्या लोकांस थांबून ऐकण्याची संवय नव्हती, कित्येकांनीं कायद्यानें ठरविलेल्या शक्तीच्या अनेक पटींनीं जोरदार यंत्रें बसविलीं, शिवीगाळ वाढली. त्यांतच निसर्गानेंही भर घातली. सूर्यावरील डागांचें अकरा वर्षांचें चक्र भरास आलें कीं, या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात आणि हजारों मैलांवरचे आवाज शेजारच्या आवाजास बुडवून टाकतात. १९७९-८० च्या सुमारास तसें झालें. ज्याला केवळ पुढच्या वळणाची खबर हवी, त्याच्या कानीं सगळा कोलाहल येऊं लागला. भ्रमणध्वनि आला तेव्हां त्यानें मोडलेल्या बाजारांतलीं उरलेलीं माणसें तेवढीं नेलीं.

तरीही हा चव्हाटा अगदीं उजाड झालेला नाहीं. इंग्लंडांत लोकांनीं तो आधीं बेकायदा वापरला, मग २ नोव्हेंबर १९८१ रोजीं सरकारनें त्यास मान्यता दिली, आणि २००६ सालीं परवान्याची गरजही संपली. अमेरिकेंत आयोगानें २०२१ सालीं या पट्ट्यावर अधिक स्वच्छ आवाजाच्या पद्धतीस परवानगी दिली. म्हणजे ऐकणारे अद्याप आहेत असें त्यानें मानलें. ऑस्ट्रेलियांत तर ४७७ मेगाहर्ट्झचा निराळा नागरिक-पट्टा आजही मालमोटारींचे चालक व शेतकरी वापरतात, कारण तेथें भ्रमणध्वनीचे मनोरे न पोंचलेले शेंकडों मैलांचे रस्ते आहेत. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. जेथें अंतरें मोठीं, वस्ती विरळ आणि अनोळखी माणसाच्या मदतीवांचून गत्यंतर नाहीं, तेथें ही संस्था टिकते. जेथें ती केवळ हौस होती तेथें ती सरली.

आतां आपल्याकडे वळूं. १८८५ च्या तार कायद्यानें तारयंत्रें उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेविला, आणि १९३३ च्या बिनतारी कायद्यानें परवान्यावांचून बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाही गुन्हा ठरविला. या दुसऱ्या कायद्याच्या तडाख्यांत बोलण्याचें यंत्र आणि ऐकण्याचें यंत्र दोन्हीं सांपडलीं. ऐकण्याच्या यंत्राचा परवाना पोस्टांत पैसे भरून मिळे, आणि १९८० नंतरच्या दशकांत तो रद्द होईपर्यंत लोक तो निमूटपणें भरीत. बोलण्याच्या यंत्राचा परवाना परीक्षा देऊन थोड्या हौशी लोकांस मिळे. वास्तविक आरंभ हौशी लोकांनींच केला होता. १९२१ सालीं कलकत्त्यास अमरेंद्रचंद्र गुप्त यांनीं हौशी प्रेषण सुरूं केलें. १९२३ च्या जूनमध्यें मुंबईच्या रेडिओ क्लबानें पहिला कार्यक्रम प्रक्षेपित केला. त्यानंतर चार वर्षांनीं, २३ जुलै १९२७ रोजीं, मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र निघालें. परंतु हौशी मंडळींचें बीज अंकुरलें त्याचें झाड सरकारनें वाढूं दिलें नाहीं. १९३९ सालीं महायुद्ध सुरूं होतांच त्यांचे परवाने काढून घेण्यांत आले.

या बंदीचा खरा अर्थ १९४२ सालीं कळून आला. ऑगस्टच्या २७ तारखेस मुंबईंतून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओचा आवाज उमटला. उषा मेहता व त्यांचे सहकारी हें गुप्त केंद्र चालवीत होते. त्याचें यंत्र नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी बिनतारीवाल्यानें जुळविलें होतें. पोलिसांस सुगावा लागूं नये म्हणून तें या घरांतून त्या घरांत हलवीत. वृत्तपत्रांवर नियंत्रण असतां चिमूर-आष्टीसारख्या ठिकाणच्या अत्याचारांच्या वार्ता त्यानें लोकांस कळविल्या. याच दिवसांत, ९ सप्टेंबर रोजीं, नंदुरबारास मिरवणुकीवर गोळीबार होऊन शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा चार सोबत्यांसह धारातीर्थीं पडला. अशी एका गांवची वार्ता दुसऱ्या गांवीं नेण्यासाठीं त्या काळीं मनुष्याचे पाय हेंच मुख्य साधन होतें. १२ नोव्हेंबर रोजीं गिरगांवांत छापा पडून तें केंद्र बंद झालें, आणि उषा मेहता यांस चार वर्षांची शिक्षा झाली. परकी सरकारास बोलणाऱ्या नागरिकाची भीति कां वाटावी हें येथें स्पष्ट होतें. खेद याचा कीं, सरकार स्वकीयांचें झाल्यावरही ते दोन्ही कायदे आणि त्यांतली भीति तशीच राहिली.

चावडीवर बसलेल्या लोकांस तोंड देण्याचा एक स्तुत्य प्रयत्न मात्र महाराष्ट्रांतच झाला. १९५६ सालीं पुणें नभोवाणी केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारें १५० खेड्यांत श्रोतृमंडळें स्थापिलीं. शेतकऱ्यांनीं एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर वाद करावा, आणि आपल्या शंका केंद्रास कळवाव्या, अशी ती योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेनें तिची पाहणी केली, व पुढें ती योजना देशभर नेण्यांत आली. त्या पांच जिल्ह्यांत तेव्हांच्या पश्चिम खानदेशाचें, म्हणजे आजच्या धुळें-नंदुरबारचें, नांव नव्हतें. शिवाय प्रश्न पत्रानें जाई आणि उत्तर आकाशांतून येई. एका खेड्यानें दुसऱ्या खेड्याशीं परस्पर बोलावें, ही कल्पना त्या योजनेंतही बसत नव्हती.

पुढें १९९५ साल आलें. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें, न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांनीं लिहिलेल्या निर्णयांत, वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचें सांगितलें. आणि ३१ जुलै रोजीं देशांतला पहिला भ्रमणध्वनि वाजला. तत्त्व आणि यंत्र एकाच वर्षीं आलीं, पण त्यांच्या वाटा फुटल्या. २००३ पासून येणाऱ्या हांकेचे पैसे पडेनासे झाले, आणि भ्रमणध्वनि हमाल व भाजीवाल्यांच्याही खिशांत आला. त्यानंतर, २००५ सालीं, सरकारनें २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा नागरिक-पट्टा ५ वॅट शक्तीपर्यंत परवान्यावांचून खुला केला. अमेरिकेंत १९५८ सालीं जें दार उघडलें, तें आपल्याकडे ४७ वर्षांनीं उघडलें, आणि तेव्हां दारापुढें कोणी उभें नव्हतें. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या चालकानें तें यंत्र कधीं मागितलें नाहीं. मागण्यासारखें कांहीं आहे हेंच त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. २०२३ सालीं संसदेनें त्या दोन्ही जुन्या कायद्यांची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा संमत केला, परंतु तोपर्यंत संवय लागण्याचा काळ निघून गेला होता.

तेव्हां या संस्कृतीचा अंश आपल्याकडे कोठें उरला आहे? तो उरला आहे परीक्षा देऊन परवाना मिळविणाऱ्या हौशी बिनतारीवाल्यांत. त्यांस धंद्याविषयीं वा राजकारणाविषयीं बोलण्याची मुभा नाहीं. म्हणून बाहेरच्यास त्यांचें बोलणें पोकळ वाटतें. ‘सी क्यू’ या दोन अक्षरांनीं ते हांक घालतात. तिचा अर्थ, कोणीही ऐकत असाल तर उत्तर द्या. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत आणि २००१ च्या कच्छच्या भूकंपांत तारा तुटल्यावर हीच मंडळी निरोप पोंचवीत होती. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामी आली, तेव्हां भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालीं हौशी प्रयोगासाठीं पोर्ट ब्लेअरला गेलेल्या पथकानें प्रयोग बाजूस ठेवून अंदमानच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीस कळविली. त्या दिवशीं जें उपयोगीं पडलें, तें यंत्राइतकेंच, वर्षानुवर्षें अनोळखी आवाजास उत्तर देण्याची त्यांना लागलेली संवय होय.

यावर कोणी म्हणेल कीं, भ्रमणध्वनि असतां जुनें यंत्र कशास हवें? शिवाय चार लोकांत सगळें उघडें बोलणें ही सोय कीं गैरसोय? आक्षेप खोटा नाहीं. घरची गोष्ट चव्हाट्यावर आणूं नये, असें आपली भाषाच सांगते. परंतु वाटेवरचा पूर, पुलाचा खचलेला कठडा, हरवलेलें गुरूं, ही घरची गोष्ट नव्हे. भ्रमणध्वनीवर ज्याचा क्रमांक आपल्यास ठाऊक त्यालाच हांक जाते. पुरांत सांपडलेल्यास जवळच्या अनोळखी माणसाचा क्रमांक ठाऊक नसतो. मनोरा पडला तर दोन्ही संपतें.

नंदुरबार जिल्ह्यांतल्या कळसाडीसारख्या गांवाचा विचार या दृष्टीनें करावा. एका अंगास तापीचें खोरें, दुसऱ्या अंगास सातपुडा, असा हा मुलूख. अक्कलकुवा व अक्राणीच्या दऱ्यांत भ्रमणध्वनीचा संकेत सर्वत्र सारखा पोंचत नाहीं. २७ मेगाहर्ट्झच्या लहरी डोंगर ओलांडण्यास असमर्थ आहेत हें खरें. पण सपाटीवरच्या दहापांच गांवांस एका मार्गावर आणण्यास त्या पुरतात, आणि त्यासाठीं आज कोणाचाही परवाना लागत नाहीं. डोंगरापलीकडचा निरोप तालुक्यांतल्या एखाद्या परवानाधारक शिक्षकास नेतां येईल. शाळेंतल्या मुलांस ही विद्या शिकविणें फार खर्चाचें काम नव्हे. त्यांस प्रथम शिकवावें लागेल तें हें कीं, कळ दाबण्यापूर्वीं क्षणभर थांबून, दुसरा कोणी हांक मारीत आहे काय, हें ऐकावें. अमेरिकेचा चव्हाटा मोडला तो हें विसरल्यामुळें. आपला तर अजून बसावयाचाच आहे.