आडवा आलेला दिवस

कर्जतला सूर्य मावळतो तो माथेरानच्या डोंगराआड. 'आड' हा शब्द मुळात असा जागेचा: दाराआड, कुडाआड, नजरेआड. मध्ये काहीतरी आडवे येते आणि पलीकडचे दिसेनासे होते. शेजारच्या कन्नड-तेलुगूत 'अड्ड' म्हणजे आडवे, गुजराती-हिंदीतही 'आड' आहेच; कोणी कोणाकडून उचलला ते पंडितांनी पाहावे. (पाण्याचा आड मात्र या कुळातला नाही, तो संस्कृत 'अवट'चा, म्हणजे खड्ड्याचा, वंशज.) पुढे हाच शब्द काळाला लागला. दोन पाळ्यांच्या मध्ये एक अख्खा दिवस आडवा पडला की झाले 'दिवसाआड'.

हा शब्द मधली फट मोजतो, आणि सारा घोळ तिथूनच सुरू होतो. सोमवारी आलेले पाणी पुन्हा बुधवारी आले, तर ते 'दिवसाआड' आले आणि 'दोन दिवसांनी'ही आले. 'ने-नी' प्रत्यय टप्पा मोजतो, 'आड' टप्प्यातली रिकामी जागा. त्यामुळे 'दोन दिवसांआड' म्हणजे 'तीन दिवसांनी'. पण अनेक जण दोन दिवसांनीच हंडे मांडून बसतात.

तिसरा हिशेब वैद्यांचा. घाटाखालच्या या पट्ट्याला ताप काही नवा नाही. १८५६ ते १८६३ या काळात भोरघाटात लोहमार्ग घातला गेला, तेव्हा पटकीने आणि तापाने कितीतरी मजूर गेले. हिवतापाच्या एका प्रकारात थंडी दर ४८ तासांनी भरते. घरातली माणसे म्हणतात, ताप दिवसाआड येतो. जुना शब्द 'एकांतरा', तोही फट मोजणारा. आयुर्वेदात मात्र हाच 'तृतीयक' ज्वर, कारण तिथे तापाचे दोन्ही दिवस धरून मोजणी होते. रोमनांनीही तसेच मोजले, म्हणून इंग्रजी वैद्यकातही तो 'टर्शियन', म्हणजे तिसऱ्या दिवसाचाच. ताप एकच, आकडे मात्र एक, दोन आणि तीन.

आंब्याच्या बाबतीत 'आड' वर्षाला लागतो. हापूस वर्षाआड धरतो, ही बागायतदारांची जुनी तक्रार. दरवर्षी धरणारे झाड हवे म्हणून नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ साली कोकणात 'रत्ना' ही जात काढली गेली.

पुन्हा पाण्याकडे येऊ. कर्जतकडे पाण्याची पाळी केवळ पावसावर ठरत नाही. पेज नदी उन्हाळ्यातही वाहते ती भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे, आणि पाताळगंगा खोपोलीच्या वीजगृहामुळे. खोपोलीचे वीजगृह १९१५चे, भिवपुरीचे १९२२चे. मूळचे हे पाणी घाटावरचे, भीमेकडे जाणारे. ते अडवून पश्चिमेला उतरवले. म्हणजे वीज करणे थांबले की नदी ओसरते, आणि तिच्यावरच्या नळयोजनाही. डोंगरातल्या वाड्यांच्या नशिबी तीही नदी नाही, तिथे टँकर.

'आड'चा घोळ टाळायला पाणीवाटपाच्या सूचनेत वार लिहावेत, तर सोमवार-बुधवार-शुक्रवारनंतर शनिवार-रविवार दोन्ही कोरडे, कारण आठवडा सातांचा. सम-विषम तारखा धराव्यात, तर एकतीस आणि एक दोन्ही विषम. विषमवाल्यांना लागोपाठ दोन दिवस पाणी, आणि समवाल्यांच्या दोन पाळ्यांमध्ये दोन दिवस आडवे.