धुरक्याचा शोध कोणाच्या पैशानें लागला?

विद्वानानें कोणाच्या आश्रयानें रहावें, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. आश्रयावांचून पंडिताचें चालत नाहीं, आणि आश्रयदात्याचें अन्न खाऊन त्याच्याच दोषांवर बोट ठेवणारा पंडित तर विरळाच. हा वाद काव्य, व्याकरण किंवा तत्त्वज्ञान यांच्यापुरता असतो तोंपर्यंत त्याची झळ थोड्यांनाच लागते. परंतु विद्वानाच्या शोधाचा विषय जेव्हां एका सबंध शहराचा श्वास हा असतो, तेव्हां त्याच्या प्रयोगशाळेचा खर्च कोण सोसतो, ही गोष्ट घरोघरच्या लहान मुलांच्या छातीपर्यंत येऊन भिडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस अँजेलिस शहरांत विसाव्या शतकाच्या मध्यास दूषित हवेचा जो शोध झाला, त्याचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लॉस अँजेलिसची जागा मोठी रमणीय, पण हवेच्या दृष्टीनें अडचणीची. एका अंगास प्रशांत महासागर आणि पाठीशीं डोंगरांच्या रांगा. समुद्रावरून येणारी थंड हवा खालीं पसरते व तिच्यावर उष्ण हवेचा थर येऊन बसतो. त्यामुळें पातेल्यावर झांकण ठेवावें तशी शहराची हवा कोंडून राहते. वरून ऊन मात्र भरपूर. १९४३ च्या जुलै महिन्यांत या शहरावर असें दाट धुरकें उतरलें कीं, थोड्या अंतरावरील इमारती दिसेनाशा झाल्या, डोळ्यांची आग होऊं लागली व घसे धरले. महायुद्धाचे दिवस होते. शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय, अशी शंका कित्येकांस आली. पुढें संशय कृत्रिम रबरासाठीं ब्युटाडीन तयार करणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो कांहीं काळ बंदहि ठेवण्यांत आला. पण धुरकें आपलें येतच राहिलें.

लोकांची ओरड वाढली तेव्हां ‘लॉस अँजेलिस टाइम्स’ या पत्रानें, सेंट लुइस शहरास धुरांतून सोडविणारे प्राध्यापक रेमंड टकर यांस पाचारण केलें. त्यांचा अहवाल १९४७ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं कॅलिफोर्निया राज्यानें कायदा केला आणि लॉस अँजेलिस जिल्ह्यासाठीं हवेच्या बंदोबस्ताचें एक स्वतंत्र खातें निघालें. या खात्यानें कारखान्यांचीं धुराडीं आवरलीं, तेलशुद्धीच्या कारखान्यांतून निघणारा गंधकाचा वायु कमी करविला. धूर खरोखरच कमी झाला. डोळ्यांची आग मात्र तशीच राहिली. सेंट लुइस किंवा पिट्सबर्ग यांचा रोग दगडी कोळशाचा होता. लॉस अँजेलिसमध्यें तर तेल आणि नैसर्गिक वायु हेंच मुख्य जळण. एका रोग्याची मात्रा दुसऱ्यास चाटविली, तर वैद्याची मेहनत फुकट जाते आणि रोग्याचे दिवसहि जातात. संशोधनावांचून आंखलेली योजना म्हणतात ती हीच.

रोगाचें निदान करण्याचे दोन प्रयत्न या सुमारास सुरू झाले. पहिला तेलाच्या धंद्याचा. पश्चिमेकडील तेल कंपन्यांच्या संघानें १९४७ मध्यें स्टॅनफर्ड संशोधन संस्थेस हें काम दिलें. संस्थेजवळ पैसा, उपकरणें व माणसें यांची वाण नव्हती. तिनें हवेचीं मोजमापें पुष्कळ घेतलीं, व त्यांतील कित्येक उपयुक्त होतीं. तिच्या शास्त्रज्ञांवर लबाडीचा आरोप करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु तिच्या अहवालांचा एकंदर सूर असा कीं, धुरक्याचीं कारणें अनेक व गुंतागुंतीचीं आहेत, कोणा एकास दोषी धरतां येत नाहीं, आणि आणखी अभ्यास झाला पाहिजे. ‘आणखी अभ्यास झाला पाहिजे’ हें वाक्य शास्त्रज्ञाच्या तोंडीं केव्हांहि शोभतें. पण ज्याचा लाभ दिरंगाईंत आहे, त्याच्या पैशानें तें उच्चारलें गेलें म्हणजे त्याचा अर्थ बदलतो.

दुसरा प्रयत्न पासाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठांत झाला. तेथील प्राध्यापक आरी हागेन-स्मिट हे १९०० मध्यें हॉलंडांतील उट्रेख्ट येथें जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. वनस्पतींतील सुगंधी द्रव्यांचें पृथक्करण हा त्यांचा आवडता विषय. अननसाचा वास कशाचा बनलेला आहे, हें ते शोधीत होते. ज्या अतिशीत नळ्यांत अननसाचा सुवास गोठवावयाचा, त्याच पद्धतीनें त्यांनीं शहराची हवा ओढून पाहिली. नळीच्या तळाशीं उग्र वासाचे तपकिरी थेंब जमले. इकडे रिव्हरसाइड येथील विद्यापीठीय कृषिकेंद्रांतील वनस्पतिशास्त्रज्ञांनीं १९४४ पासून निराळेंच चिन्ह टिपलें होतें : परिसरांतील पालेभाज्यांचीं पानें चंदेरी किंवा कांस्यवर्णी पडून करपत होतीं, आणि ज्ञात असा कोणताहि रोग किंवा गंधकाचा वायु या चिन्हांशीं जुळत नव्हता. हागेन-स्मिट व त्यांचे सहकारी यांनीं बंद कोठड्यांत रोपें ठेवून त्यांवर पेट्रोलच्या वाफा व ओझोन सोडला. पानें हुबेहूब तशींच करपलीं.

ओझोन हा प्राणवायूचाच एक उग्र अवतार. १८४० मध्यें शोनबाइन यानें तो ओळखला व त्याच्या वासावरूनच ग्रीक भाषेंतून त्याचें नांव ठेविलें. पुढें कित्येक वर्षें लोक त्यास आरोग्यदायी मानीत. समुद्रकांठच्या व डोंगरावरच्या हवेची थोरवी ‘ओझोनयुक्त’ या विशेषणानें गाइली जाई. उंच आकाशांत त्याचा थर सूर्याच्या घातक किरणांपासून आपलें रक्षण करतो, हें खरेंच आहे. पण तोच वायु श्वासांतून आंत गेला म्हणजे फुप्फुसांचा नाजुक पडदा पोळून काढतो. कच्चें रबर त्याच्या संगतींत तडकतें. म्हणून रबराची पट्टी वांकवून ठेवावयाची व किती मिनिटांत तिला चिरा पडतात तें पहावयाचें, अशी त्याची साधी परीक्षा हागेन-स्मिट यांनीं वापरली.

मग हा ओझोन येतो कोठून? कोणत्याहि धुराड्यांतून तो निघत नाहीं, आणि हेंच या प्रकरणाचें मर्म होय. १९५० ते १९५२ या काळांत हागेन-स्मिट यांनीं दाखवून दिलें कीं, तेलाच्या व पेट्रोलच्या वाफा आणि जळण्याच्या क्रियेंत निर्माण होणारीं नत्राचीं प्राणिदें हीं दोन्हीं उन्हांत एकत्र आलीं म्हणजे त्यांच्या परस्परक्रियेंतून हवेंतच ओझोन तयार होतो. शहराचें ऊन, ज्याचा त्याला अभिमान, तेंच या विषाची चूल ठरलें. या वाफा आणि हीं प्राणिदें सोडणारे मुख्य दोन : तेलाचे कारखाने आणि मोटारी. म्हणजे गुन्हेगार दूरच्या कारखान्यांत लपलेला नव्हता. तो प्रत्येक गृहस्थाच्या दारापुढें उभा होता.

हा निर्णय कोणासच रुचण्यासारखा नव्हता. हागेन-स्मिट हे आपल्या जुन्या विषयाकडे परतण्याच्या बेतांत होते. इतक्यांत स्टॅनफर्ड संस्थेच्या एका शास्त्रज्ञानें त्यांच्याच विद्यापीठांत येऊन त्यांचे प्रयोग चुकीचे ठरविणारें व्याख्यान दिलें. या शांत गृहस्थास तें फार लागलें, आणि अननस कायमचे बाजूस सारून ते धुरक्याच्या मागें लागले. त्यांच्या कामामागें जिल्ह्याच्या खात्याचें, म्हणजे करदात्यांचें, पाठबळ होतें. आर्नोल्ड बेकमन या उपकरणनिर्मात्यानें त्यांस या कामीं उत्तेजन दिलें. १९५३ मध्यें गव्हर्नरांनीं नेमलेल्या बेकमन समितीनें त्यांचा सिद्धान्त मान्य करून योजना सुचविली : पेट्रोलच्या वाफा रोखा, मोटारींच्या धुरास मर्यादा घाला, उघड्यावर कचरा जाळणें बंद करा, जलद सार्वजनिक वाहनें काढा. यांतील परसांत कचरा जाळण्याची बंदी १९५७ मध्यें अमलांत आली. गृहस्थाच्या भट्टीवर हात टाकणें सोपें होतें; त्याच्या मोटारीवर टाकणें कठीण.

येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. उद्योगपतींचा पैसा म्हणजे खोटें शास्त्र, असें समीकरण मांडतां येत नाहीं. १९५३ मध्यें तेल व मोटार यांसह अनेक धंद्यांच्या देणग्यांवर एक वायुदूषण प्रतिष्ठान उभें राहिलें, आणि त्याच्या शास्त्रज्ञांनीं प्रयोग करून हागेन-स्मिट यांचेंच म्हणणें खरें ठरविलें. तेव्हां पैसा कोठून आला याहून, निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची मोकळीक कोणाला होती आणि पुढचा प्रश्न कोण ठरविणार होता, हें अधिक महत्त्वाचें. मोटारवाल्यांचें वर्तन याच्या उलट. जिल्ह्याच्या मंडळाचे सभासद केनेथ हान हे १९५३ पासून त्यांस पत्रांमागून पत्रें लिहीत होते. आरंभीं उत्तर असें आलें कीं, मोटारींच्या वाफा हवेंत विरून जातात, त्यांपासून कांहीं उपद्रव नाहीं. पुढें कंपन्यांनीं एकत्र संशोधन करण्याचा करार केला. याच कराराच्या आडून धूरशोधक उपकरणें लांबणीवर टाकण्याचा कट झाला, असा आरोप ठेवून अमेरिकन सरकारनें १९६९ मध्यें त्यांवर फिर्याद लाविली. ती त्याच वर्षीं तडजोडीच्या हुकुमान्वयें मिटली. रोगाचें निदान झाल्यावर औषध पोटांत जाण्यास किती काळ लागतो, याचें हें उदाहरण.

सार्वजनिक तिजोरी मात्र हळूहळू उघडूं लागली. १९५५ च्या संघराज्य कायद्यानें या संशोधनासाठीं पांच वर्षेंपर्यंत दरसाल ५० लक्ष डॉलर मंजूर केले. १९६१ मध्यें रिव्हरसाइड येथें विद्यापीठाचें वायुदूषण संशोधन केंद्र निघालें. १९६६ पासून कॅलिफोर्नियांत नव्या मोटारींच्या धुरावर मर्यादा आली. १९६८ मध्यें राज्याचें हवामंडळ कामास लागलें व त्याचे पहिले अध्यक्ष खुद्द हागेन-स्मिट झाले. १९७३ मध्यें गव्हर्नर रेगन यांनीं त्यांस दूर केलें. १९७७ मध्यें ते वारले. १९५५ च्या सुमारास लॉस अँजेलिसच्या हवेंत वाईट दिवशीं, दहा लाख भागांत अर्ध्या भागाहून अधिक ओझोन तासाच्या मापांत आढळे. मोटारी कित्येक पटींनीं वाढूनहि पुढें अशी पातळी तेथें राहिली नाहीं. तथापि आठ तासांच्या सरासरीसाठीं २०१५ मध्यें ठरविलेली ०.०७० ची मर्यादा त्या शहरास अद्याप गांठतां आलेली नाहीं.

मग एकदां शोध लागला म्हणजे पुढें खर्च कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर जॉर्जिया राज्यांतील अटलांटा शहर देतें. ओझोनचें वस्त्र दोन सुतांचें आहे : वाफांचा ताणा आणि नत्रप्राणिदांचा बाणा. ज्या सुताचा तुटवडा असेल, तेंच वस्त्राचें माप ठरवितें. मुबलक असलेलें सूत थोडें कमी केल्यानें वस्त्र आंखूड होत नाहीं. लॉस अँजेलिसच्या अनुभवावरून अमेरिकेंत बहुतेक ठिकाणीं वाफा रोखण्यावरच भर होता. अटलांटा येथें तो उपाय लागू पडेना. तेथील विद्यापीठांतील विल्यम शमाइडिस व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ मध्यें दाखविलें कीं, भोंवतालच्या वनराईंतून उष्ण दिवसांत आपोआप इतक्या वाफा निघतात कीं, मोटारींच्या वाफा कमी करूनहि ताण्यास तोटा पडत नाहीं. तेथें आवरावयास हवीं तीं नत्राचीं प्राणिदें. १९९१ मध्यें राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालानेंहि या फेरविचाराचा पुरस्कार केला. २००० मध्यें टेक्सासांतील ह्यूस्टन येथें विद्यापीठें व सरकारी संस्था यांनीं विमानांतून हवा तपासली, तेव्हां कारखान्यांच्या हिशेबवह्यांत नोंदलेल्यापेक्षां कितीतरी पट अधिक एथिलीन व प्रॉपिलीन वर जात असल्याचें दिसलें. वही लिहिणारा आणि वही तपासणारा एकच असूं नये, हा नियम सावकारीइतकाच हवेलाहि लागू आहे.

आपल्या देशापुढें हा प्रश्न आतां उभा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें ‘सफर’ ही हवेच्या अंदाजाची व्यवस्था २०१० मध्यें दिल्लीसाठीं, २०१३ मध्यें पुण्यासाठीं व २०१५ मध्यें मुंबईसाठीं सुरू केली. तींत ओझोनचेंहि मोजमाप होतें. २०१९ मध्यें जाहीर झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ वायु कार्यक्रमाचें लक्ष्य मात्र धुळीच्या सूक्ष्म कणांचें आहे. धूळ हा आपला मोठा शत्रु, यांत शंका नाहीं. पण चीनमध्यें २०१३ नंतर धूळ पुष्कळ घटली असतां अनेक शहरांत ओझोन वाढला, हें विसरून चालणार नाहीं. आपल्या शहरांत कोणत्या सुताचा तुटवडा आहे, हें लॉस अँजेलिसचा ग्रंथ वाचून कळणार नाहीं. पुण्याची हवा पुण्यांतच तपासावी लागेल. तो पैसा वर्षानुवर्षें मिळाला पाहिजे, कारण ऋतुचक्र अंदाजपत्रकाचें वेळापत्रक पाळीत नाहीं.

या इतिहासाचें तात्पर्य आम्हांस असें वाटतें. हवेच्या संशोधनाचा मुख्य भार सार्वजनिक तिजोरीनें उचलावा, कारण हवा सार्वजनिक आहे. धंद्यांनीं देणगी द्यावी, ती स्वीकारावीहि. मात्र प्रश्न ठरविण्याचा व उत्तर छापण्याचा अधिकार विद्यापीठाकडेच रहावा. आणि योजना आंखणाऱ्यांनीं संशोधकास एकदांच बोलावून निरोप देऊं नये. १९४३ च्या धुरक्यापासून नव्या मोटारींच्या धुरावर मर्यादा येईपर्यंत लॉस अँजेलिसमध्यें २३ वर्षें गेलीं. त्या अवधींत जन्मास येऊन त्याच हवेंत वाढलेल्या मुलांनीं जें मोल भरलें, तें कोणत्याहि संस्थेच्या जमाखर्चांत नोंदलेलें नाहीं. संशोधनाच्या खर्चाचा आंकडा पाहून ज्यांस तो डोईजड वाटतो, त्यांनीं ही दुसरी, न मांडलेली बाजू एकवार मांडून पहावी.