जुन्या नोटांचे संग्राहकमूल्य (भारत)

चलनातून गेलेल्या किंवा विरळ झालेल्या कागदी नोटेला संग्राहक तिच्या दर्शनी किमतीहून जी अधिक रक्कम देतो, ते तिचे संग्राहकमूल्य. ते वयावर ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुखांच्या सहीची दोन रुपयांची नोट घरोघरी जपली गेली. म्हणून वापरून मऊ पडलेल्या अशा नोटेला आजही बेताचीच किंमत येते. उलट, बी. एन. आडारकर १९७० मध्ये जेमतेम सहा आठवडे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर आधीचे गव्हर्नर लक्ष्मीकांत झा यांची सही सहज सापडते, आडारकरांची शोधावी लागते आणि भावातही तो फरक दिसतो.

ओळख पटवताना प्रथम नोट कोणी काढली ते पाहतात. रिझर्व्ह बँकेच्या नोटा १९३८ पासूनच्या. त्याआधीच्या भारत सरकारच्या. एक रुपयाची नोट सरकारच काढते आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते. मराठवाड्यातील जुन्या पेट्यांत निजामाच्या उस्मानिया शिक्क्याच्या नोटा निघतात, गोव्यात पोर्तुगीज बँक ‘बँको नासिओनाल उल्त्रामारिनो’च्या. त्यानंतर सही, क्रमांकाच्या चौकटीतील बारीक इंग्रजी अक्षर आणि क्रमांकाआधीची अक्षरे तपासतात. हज यात्रेकरूंसाठी १९५९ मध्ये काढलेल्या नोटांच्या क्रमांकाआधी ‘एचए’, तर आखाती देशांसाठीच्या नोटांवर ‘झेड’ आहे. त्यांचा रंगही नेहमीच्या नोटांहून वेगळा. केवळ ही अक्षरे नजरेतून सुटल्याने दुर्मीळ नोट किरकोळीत जाऊ शकते.

खरा भाव मात्र अवस्था ठरवते. कोरी करकरीत नोट आणि मधोमध एकच घडी पडलेली नोट यांच्या किमतीत मोठी तफावत असते. नोट तिरकी धरून उजेडाखाली पाहिली की घडी, डाग आणि पुसलेले शाईचे आकडे उघडे पडतात. डाव्या बाजूची टाचणीची भोके हा भारतीय नोटांचा जुना रोग: बँका बंडले टाचत, ते रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये थांबवायला लावले. त्यामुळे आधीच्या काळातील बिनभोकाची नोट वेगळी मोजतात. नोट धुणे, इस्त्री करणे, चिकटपट्टी लावणे यांनी ती सुधारत नाही, बिघडते. इस्त्रीने सपाट झालेला कागद छपाईचा उठाव गमावतो आणि जाणकाराच्या बोटाला ते लगेच कळते. याला अपवाद अर्ध्या नोटांचा. एका बाजूला छापलेल्या सरकारी नोटा टपालातील चोरीच्या भीतीने मधोमध कापून पाठवत. पहिल्या अर्ध्याची पोच आली की दुसरा रवाना होई. असे कापलेले अर्धेही संग्राहक आवडीने घेतात.

७८६ सारखे क्रमांक, सगळे आकडे सारखे असणे, छपाईतील चुका यांचा बाजार निराळा आहे. त्यात हौसेचा भाग मोठा, म्हणून भाव स्थिर नाहीत. २००६ नंतरच्या ‘तारा’ नोटा सदोष नोटांच्या जागी घातलेल्या असतात; प्रत्येक तारा नोट दुर्मीळ नसते.

किमतीचा अंदाज लिलावात प्रत्यक्ष मिळालेल्या भावावरून घ्यावा, विक्रेत्याने मागितलेल्या आकड्यावरून नव्हे. तुलना त्याच सहीच्या, त्याच अक्षराच्या आणि त्याच अवस्थेच्या नोटेशी करावी. सूचिग्रंथातील किंमत ही वरची मर्यादा मानलेली बरी. जुन्या नोटेला लाखो रुपये देण्याचे आमिष दाखवून आधी ‘शुल्क’ मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. बँक असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कोणाला नेमतही नाही.

२०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे व हजाराच्या नोटांना कायद्याची मर्यादा आहे. २०१७ च्या अधिनियमानुसार कोणालाही एकूण दहापर्यंतच अशा नोटा बाळगता येतात. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस आहे.