बिअरचा पेला आणि सॉसेज

मसाला घातलेला खिमा आतड्यात भरून केलेले गरम सॉसेज, पाव, मोहरी आणि बिअर, हे बर्लिनच्या कामगाराचे साधे खाणे. खारट, तुपकट मांसावर कडसर बिअर रुचते, एवढेच त्यातले चवीचे शास्त्र. आम्हांस त्यात इतिहास दिसतो.

१८७८ ते १८९० पर्यंत जर्मनीत समाजवाद्यांच्या संघटना व सभा कायद्याने बंद होत्या. तेव्हा बिअरच्या गुत्त्यातील टेबल हेच कामगारांचे सभागृह झाले. पुढे १८९४ साली मे दिन पाळला म्हणून बिअरची पिंपे बनविणारे कारागीर मालकांनी कामावरून काढले. कामगारांनी त्या कारखान्यांच्या बिअरवर बहिष्कार घातला; तो मेपासून डिसेंबरपर्यंत चालला. ज्या पेल्याभोवती संघटना वाढली, तोच पेला संघटनेसाठी दूर सारला गेला!

आम्ही दारूची तरफदारी करीत नाही. पगाराच्या दिवशी गुत्त्याबाहेर ताटकळणाऱ्या बायाबापड्या आम्ही पाहिल्या आहेत. परंतु कामगाराने गुत्त्यात बसू नये असे म्हणणाऱ्याने, त्याने बसावे कोठे, हेही सांगितले पाहिजे.